दोन्ही कान दिसले पाहिजेत

बडोद्याला शिकायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मी विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा फोटो काढून डहाणूला काकांना पाठवला. मधे मोठा घुमट, खाली कमानी, दोन्ही टोकांना लहान घुमट. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून, रिक्षा जाऊ देऊन, मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून काढला होता. काका शाबासकी देणाऱ्यांतले नाहीत हे माहीत होतं, तरी थोडी आशा होती. उत्तर लगेच आलं.

'डावा कान गेला. परत काढ.'

मी फोटो मोठा करून बघितला. डावीकडचा लहान घुमट खरंच फांदीमागे अर्धा लपला होता.

कान म्हणजे काय हे इथल्या मैत्रिणींना समजावताना माझी फार धांदल उडते. त्यासाठी काकांपासूनच सुरुवात करावी लागते, आणि काकांना कुठून सुरू करावं हे मला अजून नीट कळत नाही.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत, डहाणूचे पासपोर्ट फोटोवाले. स्टेशनकडून बाजारात जाताना त्यांचा स्टुडिओ लागतो. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, एक आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. पाटीवर पूर्वी बरंच काही लिहिलेलं असावं, आता फक्त 'फोटो' एवढंच वाचता येतं. मी बाबांबरोबर पहिल्यांदा तिथे गेले ती डहाणूच्याच कॉलेजच्या प्रवेशासाठी. आमचं गाव तलासरीच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. भात आणि नागलीवर चालणारं घर. दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे फोटो काढायलासुद्धा आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे गेलो होतो.

काकांनी मला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि बाजूला झाले.

"श्वास सोड."

मी सोडला.

"हा फोटो कॉलेजचा आहे की पोलीस चौकीचा?"

बाबा दारातूनच म्हणाले, "कॉलेजचा, साहेब. आमचे घरातली पैलीच."

"मग पकडून आणल्यासारखी का बसलीय? केस मागे घे. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

मला हसू आलं. "आता दात मीट," ते म्हणाले. पुढे हनुवटी खाली, मग वर, मग डावा खांदा सैल. शेवटी फोटो आला तेव्हा बाबांनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "हीच हाय." याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काकांना कुणी दिलं नसेल. काकांनी मान डोलावली.

पहिल्या वर्षी मी त्या स्टुडिओत इतक्या वेळा गेले की तिथला कंगवा माझ्या ओळखीचा झाला. वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, बसचा पास, ग्रंथालयाचं कार्ड. प्रत्येकाला फोटो हवा. काका म्हणायचे, "सरकारला चेहरे लक्षात राहत नाहीत बघ. त्याच्यावर माझं घर चालतं."

तिथल्या भिंतीवर मात्र माणसाचा एकही फोटो नव्हता. दुसऱ्या स्टुडिओत नवरानवरी असतात, बाळं असतात. इथे होत्या इमारती. सगळ्या एकाच आकाराच्या, सगळ्या समोरून, ओळीने लावलेल्या, पासपोर्टच्या फोटोंचं न कापलेलं पान असावं तशा. चिकूच्या वाडीतला इराण्याचा बंगला, बंदराजवळचं कौलारू गोदाम, वाणगावच्या बाजारातलं दुमजली दुकान. मला त्यातल्या एकीबद्दल 'हे काय आहे' असं विचारायचं होतं. घाबरल्यावर माझी जीभ घसरते. मी बोट दाखवून विचारलं, "काका, हे कोण?"

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बस. सांगतो."

त्या चुकलेल्या शब्दामुळे आमची ओळख झाली. त्यानंतर मी कामाशिवायही जायला लागले.

काकांचं म्हणणं साधं होतं. इमारतीचा फोटो माणसाच्या पासपोर्ट फोटोसारखाच काढायचा. समोरून, सरळ, पूर्ण चेहरा. वाकडा कोन घेऊन, खालून वर, सावल्या-बिवल्या धरून काढणारे त्यांना आवडत नसत. सुटीत मुंबईहून मोठाले कॅमेरे गळ्यात घालून मुलं यायची, त्यांच्याकडे बघून ते म्हणायचे, "हे बघ, ह्यांना बंगल्याचं फक्त नाक हवंय." बॅकग्राउंड पांढराच हवा. म्हणजे आकाश पांढरं हवं. लख्ख निळं आकाश असलं की सगळं गाव खूश, आणि काका कॅमेरा पिशवीत ठेवून घरी. "निळा शाळेच्या आयकार्डाला," ते म्हणायचे. कपाळावर केस नकोत. म्हणजे इमारतीच्या तोंडावर लावलेले वाढदिवसाचे बॅनर नकोत. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब बांबू होता. एकदा त्या बांबूने त्यांनी एका भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा हळूच वर गुंडाळला, फोटो काढला आणि तितक्याच हळूच परत खाली सोडला. समोरचा पानवाला म्हणाला, "काका, साहेबांना कळलं तर?" काका म्हणाले, "त्याला सांग, बॅनरवर एकच कान दिसतोय, फोटो बाद आहे."

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, डोळे उघडे. खिडक्या बंद असतील तर काका फोटो काढतच नसत. एकसुद्धा बंद चालत नसे. मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणाचा काढतात ते तुला माहीत आहे, असं मला एकदा म्हणाले.

अडचण अशी की खिडक्या आतल्या माणसांनी उघडायच्या, आणि माणसांशी बोलणं काकांना जमत नसे. ते फाटकाशी उभे राहायचे आणि आत बघून म्हणायचे, "खिडक्या उघडा." दुसरं काही नाही. लोकांना वाटायचं, घरपट्टीवाला आला किंवा डासांची फवारणी आली. एका बंगल्यातल्या पारशी म्हाताऱ्या बाईंनी तर वरूनच ओरडून सांगितलं, "काले तो गणी गया, पाछा शुं आव्या?" त्यांना वाटलं, जनगणनेवाला परत आला.

त्या दिवशी मी बरोबर होते. मी फाटकाजवळ गेले आणि मला जमेल तसं, म्हणजे अडखळत, मधेच थांबत, आमचं काम सांगितलं. बाई खाली आल्या. सगळ्या खिडक्या उघडल्या, मला चिकू दिले आणि काकांकडे बघून विचारलं, "ए बोलता नथी?"

परत येताना काका म्हणाले, "तुझं बरं आहे. तू घाबरत घाबरत विचारतेस. घाबरलेल्या माणसाला लोक दार उघडतात." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या घाबरण्याचा काही उपयोग सांगितला होता. वर्गात मी हात वर करायची नाही, उत्तर येत असलं तरी. पण रविवारी सकाळी, आकाश पांढरं असलं की अनोळखी लोकांच्या फाटकांत उभी राहायला लागले.

काकूंना हे सगळं वेड वाटायचं. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर आहे. मी गेले की त्या हातातलं काम घेऊन पुढे यायच्या. "मला विचार, लग्न झाल्यापासून माझा फोटो किती वेळा काढलाय."

"तुला कुठे कुणी पाडणार आहे," काका आतून म्हणायचे.

"ऐकलंस? गिऱ्हाइकाला हसा म्हणत नाहीत, बायकोला हसवत नाहीत. त्या गोदामाला मात्र विचारून आले असतील, बरं वाटतंय का."

माझ्या बाबांनीही एकदा विचारलं होतं, "घरांचे फोटू काढून त्यांना काय भेटतं?" मी हे काकांना सांगितलं. त्यांनी उलटंच विचारलं, "तुमच्या घराला खिडक्या किती?" मी म्हणाले, आमचं कुडाचं घर, अशा खिडक्या नसतात, दार तेवढं दिवसभर उघडं असतं. "मग झालं," ते म्हणाले. बाबांना काय सांगायचं ते राहिलंच.

त्याचं उत्तर मला पुढे धर्मशाळेच्या वेळी मिळालं. स्टेशनजवळची एक जुनी धर्मशाळा पाडली गेली, ती मी डहाणूला यायच्या आधीच. तिथले जुने मॅनेजर एके दिवशी स्टुडिओत आले. स्मरणिका काढायची होती, धर्मशाळेचा फोटो हवा होता. काकांनी आयुष्यभराचे डबे उपसले. त्या धर्मशाळेत शेकडो लग्नं लागली, काकांनी स्वतः कितीतरी काढली, पण सगळ्या फोटोंत माणसंच. शेवटी एक मिळाला. नवरदेव घोड्यावर बसलाय आणि घोड्याच्या दोन कानांच्या मधून धर्मशाळेचं दार दिसतंय. तेवढंच. काकांनी ते मोठं केलं. मॅनेजरनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "घोडा चांगला आलाय."

मी हसले. काका हसले नाहीत. मॅनेजर गेल्यावर त्यांनी मला एक काम दाखवलं, जे ते रोज करतात पण मी नीट पाहिलं नव्हतं. कुणाची तरी आजी वारली होती. मुलांनी लग्नातला ग्रुप फोटो आणून दिला होता, यातून आईला काढा म्हणून. आजी मागच्या रांगेत होती. काकांनी तिला कापून मोठं केलं तरी तिच्या खांद्याशी दुसऱ्या कुणाचा तरी पदर राहिलाच.

"भिंतीवर लागणार, हार घालणार, आणि शेजारी कुणाचा तरी पदर," काका म्हणाले. "माणसाला स्टुलावर बसवायला किती वेळ लागतो? पण जिवंतपणी कुणी घेऊन येत नाही. माणसांचं माझ्या हातात नाही. इमारती मात्र जागेवर बसलेल्या आहेत, मीच जाऊ शकतो."

त्यानंतर मी त्यांना कधी 'कशासाठी' असं विचारलं नाही.

एका घराने मात्र काकांना फार वर्षं झुलवलं होतं. आगरच्या रस्त्यावरचं दुमजली घर. सागवानी, कौलारू, वरच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून हिरव्या खिडक्यांची रांग, आणि दाराच्या बरोबर वर एक रुंद, मोठी खिडकी. ते घर आता नाही. पाडायचं ठरलंय ही बातमी काकांनी मला दिली तेव्हा त्यांच्या हातात गिऱ्हाइकाचे फोटो होते आणि ते त्यांनी चुकीचे कापले. दिवाळीनंतर पाडणार होते. काका म्हणाले, "हे गेलं तर घोड्याच्या कानातूनसुद्धा मिळणार नाही."

अडलं होतं मधल्या खिडकीवर. घर दोन भावांचं होतं. सगळे त्यांना मोटाभाई आणि नानाभाई म्हणत. दोघे त्याच घरात राहत, अर्ध्या-अर्ध्या भागात, आणि एकमेकांशी बोलत नसत. का, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मोटाभाई सांगायचे रेडिओवरून झालं, नानाभाई सांगायचे विहिरीच्या पंपावरून. वाटणी झाली तेव्हा वरच्या दिवाणखान्यात फळ्यांचं पार्टिशन उभं केलं आणि ते आलं बरोबर मधल्या खिडकीवर. डावी झडप मोटाभाईंच्या खोलीत, उजवी नानाभाईंच्या खोलीत. कडी नानाभाईंच्या बाजूला, पण डाव्या झडपेची पट्टी उजवीवर बसलेली, म्हणून आधी उघडायची ती मोटाभाईंची. एकट्याला ती खिडकी उघडताच येत नव्हती. तेव्हापासून ती बंद होती. इतक्या वर्षांत दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, घर पाडायचं, आणि तेही दलालामार्फत.

मी म्हणाले, "काका, बाकीच्या उघड्या असल्या तर नाही चालणार?"

"नाकावर मास्क लावून पासपोर्टचा फोटो चालतो?"

"मग दोन वेळा काढून कॉम्प्युटरवर जोडला तर?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या.

मी मोटाभाईंकडे गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. "बेस बेटा, चा घे. माझ्या सगळ्या खिडक्या उघडतो, पडदेपण काढून ठेवतो. मधलीचं तिकडे विचार. कडी तिकडे आहे."

मी घराला वळसा घालून दुसऱ्या दाराने नानाभाईंकडे गेले. तिथे पुन्हा चहा. "कडी काढायला मला किती वेळ? पण पट्टी पलीकडे आहे. आधी त्यांनी ढकलायला पाहिजे. त्यांना सांग." इतकं असूनही धाकट्याच्या तोंडातलं 'त्यांनी' आणि 'त्यांना' सुटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

मी परत मोटाभाईंकडे. मग परत नानाभाईंकडे. प्रत्येक फेरीला काहीतरी खायला मिळत होतं आणि खिडकी तिथेच होती. दोघांनाही फोटो हवा होता. दोघांनाही आधी बोलायचं नव्हतं. काका फाटकाबाहेर उभे होते, दर वेळी माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या घाबरत विचारण्याने हे दार काही उघडणार नाही. मग मला एक सुचलं. ते फारसं शहाणपणाचं होतं असं नाही.

मी मोटाभाईंना म्हणाले, "तुम्ही बोलूच नका. मी खाली रस्त्यावर उभी राहून मोजते. दोनला ते कडी काढतील, तीनला तुम्ही ढकला."

मोटाभाईंनी झोपाळा थांबवला. "तो बोलणार नाही ना?"

नानाभाईंनीही तेच विचारलं. "ते बोलणार नाहीत ना?"

दोघांना मी कबूल करून टाकलं, कुणी बोलणार नाही.

रविवारी आकाश हवं तसं पांढरं होतं, पण समुद्रावरून वारा सुटला होता. खिडक्यांचे आकडे गंजून गेलेले, उघडलेली झडप लगेच धाडकन बंद व्हायची. काकांनी ठरवलं, प्रत्येक खिडकीखाली एकेकाने बसून झडपा धरायच्या. हात दिसले नाही पाहिजेत, डोकं तर नाहीच. मोटाभाईंचा मुलगा आणि सून, नानाभाईंची बायको, दूधवाला आणि तमाशा बघायला आलेल्या काकू, सगळे वर जाऊन बसले. वरून काकूंचा आवाज आला, "सासूपुढे एवढी वाकले नाही मी."

"डोकं दिसतंय," काका म्हणाले.

एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. मधली राहिली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोजलं. माझं मलाच ऐकू आलं असेल. एक मोटरसायकल गेली आणि वर काहीच हललं नाही.

"ही परीक्षा तोंडी आहे," काका म्हणाले. "लेखी नाही."

मी डोळे मिटले आणि ओरडले. एवढ्या मोठ्याने मी शेतातसुद्धा कधी हाक मारली नव्हती. दोनला कडी वाजली. तीनला काहीच झालं नाही. पुन्हा मोजलं. खिडकी थरथरली, पण उघडली नाही. इतक्या वर्षांचा रंग दोन्ही झडपांना धरून बसला होता. मी तिसऱ्यांदा मोजायला तोंड उघडलं तेवढ्यात वरून मोटाभाईंचा आवाज आला. ते गुजरातीत बोलले. आमच्या भागात ते सगळ्यांना कळतं. कुणाचं नाव न घेता, हवेत बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "कडी पूर्ण निघाली का?"

पलीकडे कडी पुन्हा एकदा वाजली.

"निघाली," नानाभाई म्हणाले. "वरून दाबा. खालून नका दाबू."

"वरूनच दाबतोय."

"मग जोर लावा ना."

कडकन आवाज झाला, रंगाचे पापुद्रे आणि कबुतरांची पिसं अंगणात पडली आणि खिडकी उघडली. आत, मधोमध, पार्टिशनची कड दिसत होती. नाकावरच्या रेघेसारखी. तिच्या दोन बाजूंना दोन पांढरी डोकी होती.

"खाली बसा," काका म्हणाले. डोकी खाली गेली.

काकांनी स्टँडवरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. उजवीकडे थोडे सरकले, परत पाहिलं. मग बटण दाबलं. एकदाच. ते कधीच दुसऱ्यांदा दाबत नाहीत. मी जवळच होते, मला दिसलं, घर पूर्ण आलं होतं, पांढऱ्या आकाशावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकांनी हातानेच बाकीच्यांना खूण केली, तुमचं झालं. एकेक खिडकी मिटली. काकू कमरेवर हात ठेवून खाली उतरल्या.

मधल्या खिडकीतून मात्र आवाज येत होता. आधी मला वाटलं, भांडण सुरू झालं.

"गुडघा तुमचा दुखत असेल," नानाभाई म्हणत होते.

"गुडघा नाही, कंबर. गुडघा आईचा दुखायचा."

"तिचा डावा."

"उजवा. तेल मी चोळायचो, मला माहीत."

"शनिवारी मी चोळायचो."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी कॅमेरा स्टँडवरून काढला, पिशवीत ठेवला, चेन लावली. स्टँड घडी करून बगलेत घेतला. मग मान वर करून मधल्या खिडकीकडे बघत ओरडले, "हलू नका. अजून झालेलं नाही."